एका इंजेक्शनने हाड उगवतं?

सध्या एक दावा जोरात फिरतोय: तुमच्याच हाड बनवणाऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि एका इंजेक्शनने झिजलेलं-तुटलेलं हाड भरून काढायचं. हाडाचं कलम (दुसरीकडून हाड काढून तुटीत भरणं) आणि हाड धरून ठेवणाऱ्या धातूच्या प्लेटा इतिहासजमा, धोका शून्य, ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजारसुद्धा बरा! संशोधन खरं आहे, पण त्यावर चढवलेला मसाला जरा जास्तच झालाय.

आधी इंजेक्शन. हाडात मोठी पोकळी असेल तर ऑस्टिओब्लास्ट म्हणजे हाड बनवणाऱ्या पेशींना धरून बसायला काहीतरी लागतं. म्हणून हायड्रॉक्सिॲपेटाइट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या हाडातल्या खनिजासारख्या पदार्थांचा सच्छिद्र साचा वापरतात. त्याची छिद्रं साधारण काहीशे मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). खरी अडचण पुढेच आहे. केशवाहिनीपासून, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिनीपासून, 100 ते 200 मायक्रॉनपलीकडे पुरेसा ऑक्सिजन पोचत नाही. नव्या रक्तवाहिन्या साच्यात शिरायला दिवस-आठवडे लागतात आणि तोवर मधल्या पेशी गुदमरून मरतात. मग कडेने हाड धरतं, गाभा पोकळ राहतो. बाहेरून सोडलेल्या बऱ्याच पेशी टिकतच नाहीत. त्यांच्या संकेतांनी रुग्णाच्याच पेशी कामाला लागतात, असंही दिसलंय. फॉरवर्ड करणाऱ्यांना हे माहीत नसावं, किंवा सोयीचं नसावं.

कलम इतिहासजमा? 2001 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली: लांब हाडांतली काही सेंटिमीटरची तूट, अस्थिमज्जेतल्या पेशी आणि हायड्रॉक्सिॲपेटाइटचा साचा. हाडं जुळली. कौतुकास्पदच, पण रुग्ण तीन. आजही सर्जन आधी कमरेच्या हाडातून कलम घेतात, कारण त्यात जिवंत पेशी, वाढीचे घटक आणि साचा सगळं आयतं मिळतं. ते मर्यादितच मिळतं आणि काढलेली जागा दुखते, म्हणून तर पर्याय शोधणं चालू आहे. प्लेटा मात्र कुठे जात नाहीत. जागा फार हलत राहिली तर हाडाऐवजी तंतुमय ऊतक तयार होतं.

धोका शून्य म्हणणं तर बेजबाबदारपणा. पेशी वाढवताना जंतुसंसर्ग होऊ शकतो. याच क्षेत्रातलं बीएमपी-2 हे हाड वाढवणारं प्रथिन 2002 मध्ये अमेरिकेत मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी मंजूर झालं. पुढे मानेच्या शस्त्रक्रियेत ते वापरल्यावर घशाला जीवघेणी सूज आल्याच्या तक्रारी आल्या आणि 2008 मध्ये एफडीएला, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेला, इशारा द्यावा लागला. नको तिथे हाड वाढल्याचेही प्रकार आहेत.

उरला ऑस्टिओपोरोसिस. तिथे एका जागी भोक पडलेलं नसतं. सगळ्या सांगाड्यातच हाड खाणाऱ्या पेशी बनवणाऱ्यांवर मात करत असतात. एका जागी भरलेल्या पेशी मणका, खुबा, मनगट एकदम कसे सावरणार? त्यावर औषधं आहेत, आणि ती नेमाने घ्यावी लागतात.