खुलासा : ऊर्जा दर वेळी ‘ठरावीक काळात निम्मी’ होत नाही

वडोदऱ्यात दांडिया बाजाराकडच्या आपल्या बीएस्सीच्या मुलांमध्ये परीक्षेच्या तोंडावर एक टिपण फिरतंय : ‘अवमंदन (हालचाल मंदावणारा रोध) असलं की लहरीची ऊर्जा ठरावीक काळात निम्मी होते, समीकरण कोणतंही असो.’ हे चूक आहे. कृपया असं लिहू नका.

रोध वेगाच्या प्रमाणात असेल, तर दोन्ही टोकं बांधलेल्या तारेची ऊर्जा घातांकी दराने, म्हणजे दर ठरावीक काळात त्याच पटीने, घटते. तिथे हे ढोबळमानाने चालेल. पण रोध वेगाच्या घनाइतका धरला की चित्र पालटतं. वेग १ असताना रोध १, वेग ०.१ झाला की रोध फक्त ०.००१. लहर मंदावते तसा तिला आवरणारा हातच ढिला पडतो.

हाच घनाचा रोध स्प्रिंगला टांगलेल्या वजनावर लावून पाहा. बराच काळ गेल्यावर ऊर्जा काळाच्या व्यस्त प्रमाणात उरते : १०० सेकंदांना असेल त्याच्या निम्मी २००ला, त्याच्याही निम्मी थेट ४००ला. शिवाय सुरुवातीला वजन किती ताणलं होतं, याचा मागमूसही त्या उत्तरात राहत नाही. मला यातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं.

रोध वेगाच्या वर्गाचा असेल, तर ऊर्जा काळाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. शेवटी ती शून्याकडे जाते, एवढं मात्र टिपणात बरोबर आहे.