ट्रोजनबद्दलचा तो मेसेज पुढं पाठवू नका

मोंढ्यातल्या आणि सेतूवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज लई फिरतोय, की ट्रोजन (कामाच्या फाइलचं सोंग घेऊन पीसीत शिरणारा घातक प्रोग्राम) आला तर ती फाइल डिलीट करा, रिसायकल बिन रिकामा करा, झालं काम. हे अर्धवट आहे बरं का, आणि नुकसान करणारं आहे.

ट्रोजन आपल्या मनानं पसरत नाही, आपणच त्याला कामाची फाइल समजून डबल क्लिक करतो. आमच्या सेंटरवर आली होती तिचं नाव "पीकविमा यादी पीडीएफ", पण फोल्डरच्या व्ह्यूमधे जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शनला टिक केली तर शेवटी ईएक्सई (म्हणजे कागद नाही, चालणारा प्रोग्राम) निघालं, विंडोज ते आधीपासून लपवूनच ठेवतं. एकदा चालली की ती स्वतःची कॉपी दुसरीकडं टाकते अन् स्टार्टअपमधे बसते, म्हणजे पीसी चालू झाला की तीही आपोआप चालू. मी मूळ फाइल डिलीट करून पीसी रिस्टार्ट केला, टास्क मॅनेजरमधे बघितलं तर ती परत चालूच!

म्हणून आधी नेट बंद करा. मग विंडोज सिक्युरिटीमधे ऑफलाइन स्कॅन लावा, पीसी आपोआप रिस्टार्ट होतो आणि विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं जातात. तरी निघाला नाही तर कागदपत्रांचा बॅकअप घेऊन विंडोज नव्यानं टाका. पासवर्ड मात्र दुसऱ्या, चांगल्या मशीनवरून बदला, नाहीतर नवा पासवर्डही ट्रोजन सोडणाऱ्या चोरांकडंच जाईल. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा.

तो जुना मेसेज कुणी टाकला असंल तर काढून टाका, शेतकऱ्यांचे आधार, बँक पासबुक सगळं याच मशीनवर असतंय.