बोटांच्या ठशांवरून अकरावीची शाखा ठरत नाही

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे. माणूस मेंदूचा केवळ दहा टक्के भाग वापरतो, प्रत्येक मूल बघून, ऐकून किंवा हाताने करून यांपैकी एकाच पद्धतीने शिकते, आणि ती पद्धत व अकरावीची योग्य शाखा दहा बोटांच्या ठशांवरून कळते, असा त्यात दावा आहे. अमळनेरच्या माझ्या बहिणीने कापसाच्या पैशातून भाचीची ही चाचणी करून घेतली. अहवालात ‘विज्ञान शाखा टाळावी’ असे छापून आले, आणि दहावीला विज्ञानात उत्तम गुण मिळवलेली मुलगी आता आपला मेंदूच त्या प्रकारचा नाही, असे म्हणू लागली आहे. बहिणीने फोनवर विचारले, “दादा, आते काय करानं?” हा अहवाल बाजूला ठेवावा, हे माझे उत्तर आहे.

दहा टक्क्यांच्या दाव्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो, आणि पक्षाघातात त्याच्या लहानशा भागाला इजा झाली तरी वाचा जाऊ शकते किंवा हातपाय लुळे पडू शकतात. नव्वद टक्के भाग रिकामा असता तर असे घडले नसते.

खरे नुकसान ठशांच्या दाव्याने होते. बोटांवरच्या रेषा गर्भातच तयार होतात आणि जन्मभर टिकतात, शिवाय त्वचा आणि मज्जासंस्था गर्भाच्या एकाच थरातून घडतात, एवढे मान्य करावे लागते. परंतु केस, नखे आणि दातांवरचे कठीण आवरणही त्याच थरातून घडते, आणि दात पाहून कोणी शाखा ठरवत नाही. भाचीच्या अहवालात प्रत्येक बोटापुढे मेंदूचा एकेक भाग लिहिला आहे: अंगठ्यापुढे नियोजनाचा, करंगळीपुढे दृष्टीचा. प्रत्यक्षात पाचही बोटांच्या स्पर्शाच्या संवेदना विरुद्ध बाजूच्या मेंदूतील एकाच पट्ट्यात, शेजारी शेजारी पोहोचतात. करंगळीचा दृष्टीशी असा वेगळा संबंध नाही. एकसारख्या जुळ्यांचे ठसेही वेगवेगळे असतात, कारण गर्भातील दाब आणि वाढीचा वेग यांचा रेषांवर परिणाम होतो. त्याच जुळ्यांचे बुद्धिमापन चाचण्यांतील गुण मात्र बहुधा जवळपास येतात. ठशांवरून बुद्धी कळत असती, तर असे झाले नसते. शंख-चक्रांवरून भविष्य सांगण्याची जुनी रीत संगणकावर छापून आली, म्हणून ती विज्ञान होत नाही.

उरला शिकण्याच्या पद्धतीचा मुद्दा. काही मुलांना चित्रे आवडतात, काहींना ऐकणे आवडते, हे खरेच आहे. आवडत्या पद्धतीने शिकवल्यास अधिक कळते, हा मात्र वेगळा दावा आहे आणि तो वेगळा तपासावा लागतो. पॅशलर, मॅकडॅनियल, रोरर आणि ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये त्याची कसोटी स्पष्ट केली: मुलांचे प्रकार पाडावेत, प्रत्येक प्रकारातील मुलांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या पद्धतींनी शिकवावे आणि सर्वांची एकच परीक्षा घ्यावी, एका प्रकाराला एक पद्धत आणि दुसऱ्याला दुसरी पद्धत अधिक फळली, तरच दावा टिकतो. अशी कसोटी लावणारे अभ्यास त्यांना फारच थोडे सापडले आणि त्यांतील अनेकांचे निष्कर्ष दाव्याच्या उलट होते. हृदयाची रचना आकृतीशिवाय कोणालाच नीट कळत नाही, आणि कविता मोठ्याने वाचलेली सर्वांनाच अधिक भावते. पद्धत विषयाप्रमाणे बदलावी लागते.

अभ्यास कसा करावा, याचे चांगले उत्तर उपलब्ध आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी दोन उतारे वाचले. एक उतारा त्यांनी पुन्हा वाचला, तर दुसरा न बघता आठवून लिहिला. ज्यांची परीक्षा पाच मिनिटांनी घेतली, त्यांना पुन्हा वाचलेला उतारा अधिक आठवला, ८१ विरुद्ध ७५ टक्के. ज्यांची परीक्षा आठवड्यानंतर घेतली, त्यांना मात्र पुन्हा वाचलेला उतारा ४२ टक्केच आठवला आणि आठवून लिहिलेला ५६ टक्के. धडा मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहावे, मग पुस्तक उघडून राहिलेले भरावे. यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागत नाहीत.

‘मराठीत मानसशास्त्राचे साहित्य नाही, म्हणून आमचे शिबिर’ ही संदेशाची शेवटची ओळही खोटी आहे. बालभारतीची अकरावी-बारावीची मानसशास्त्राची मराठी पाठ्यपुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, आणि खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विज्ञानाची अनेक मराठी पुस्तके व टाकाऊ वस्तूंतून करायचे प्रयोग आहेत. भाचीला मी बालभारतीचे अकरावीचे पुस्तक पाठवले आहे, आणि प्रवेशाच्या अर्जात विज्ञान शाखाच भरावी, असे बहिणीला सांगितले आहे.