बाकी ३ च्या मूळ संख्या कायम आघाडीवर? नाही

दावा असा फिरतो आहे: ४ ने भागल्यावर बाकी ३ उरणाऱ्या मूळ संख्या, बाकी १ उरणाऱ्यांपेक्षा कुठल्याही टप्प्यावर कमी भरत नाहीत. सोबत तीन मुद्दे दिले जातात.

पहिला: '१०० पर्यंत १३ विरुद्ध ११, पुढेही तेच.' १०० चा हिशेब बरोबर आहे. पण २६,८६१ वर बाकी १ च्या १,४७३ होतात आणि बाकी ३ च्या १,४७२. जॉन लीच यांनी हे १९५७ मध्येच दाखवले. लगेच २६,८६३ ही बाकी ३ ची मूळ संख्या येते आणि बरोबरी होते. दर हजाराला बेरीज छापणाऱ्या प्रोग्रॅममधून ही जागा निसटते ती यामुळेच. ३०,००० पर्यंत चाळणी लावा, २ वगळा, बाकी ३ ला +१ आणि बाकी १ ला −१ धरा, आणि फरक प्रत्येक मूळ संख्येनंतर तपासा. पुढचा अपवाद थेट ६,१६,८४१ वर आहे.

दुसरा: 'संगणकाने अब्जावधी संख्या तपासल्यावर शंका कशाला?' ४ ऐवजी ३ ने भागून पाहा. तिथे बाकी २ ची आघाडी पहिल्यांदा मोडते ६,०८,९८,१८,१३,०२९ वर. बेज आणि हडसन यांना ही जागा १९७६ मध्ये सापडली.

आघाडीचा कल मात्र खरा आहे, आणि त्याचे कारण सुंदर आहे. विषम संख्येच्या वर्गाला ४ ने भागले की बाकी १ च उरते. समतोल असतो तो मूळ संख्या आणि त्यांचे घात मिळून. त्यात वर्गाचे वजन अर्धे. सगळे वर्ग बाकी १ कडे गेल्याने तिथल्या मूळ संख्या सरासरीने तेवढ्या कमी पडतात. १०० साठी ३, ५, ७ चे वर्ग, म्हणजे दीडची तूट. प्रत्यक्षात फरक २. २६,८६१ साठी अपेक्षित आघाडी साडेअठरा, आणि हाती येते −१! या सरासरीभोवतीचे हेलकावे तिच्याहून मोठे होऊ शकतात. दोन्ही बाजू अनंत वेळा पुढे जातात, हे लिटलवुड यांनी १९१४ मध्ये सिद्ध केले. त्यांच्या अंदाजात हेलकाव्यांना वाढवणारा गुणक म्हणजे लॉगचा लॉग, त्याचाही लॉग. तो २ व्हायला ७०३ अंकी संख्या लागते. एवढ्या संथ वाढीपुढे अब्जांची तपासणी काहीच सांगत नाही.

तिसरा: 'निदान ९९.५९ टक्के वेळा तरी खरे.' रुबिनस्टाइन आणि सारनाक यांचा १९९४ चा हा आकडा व्यापक रीमान गृहीतक (मूळ संख्यांशी जोडलेल्या काही फलनांची मूल्ये कुठे शून्य होतात याबद्दलचा, अजून सिद्ध न झालेला अंदाज) आणि त्या शून्यस्थानांची एकमेकांपासूनची स्वतंत्रता मानून येतो. शिवाय ती लॉग-घनता आहे, प्रत्येक संख्येला तिच्या व्यस्ताएवढे वजन देणारी. साधी टक्केवारी, त्याच रीमान गृहीतकाखाली, एका आकड्यावर स्थिरावतच नाही.