केबल घेताना फक्त आकडा बघा

घराचं काम काढलंच आहे, भिंती फोडल्याच आहेत, तर नेटवर्कची केबलही टाकून घ्या. निवड अगदी सोपी. केबलवर ‘कॅट’ म्हणजे कॅटेगरी, तिची प्रत, छापलेली असते; त्या कॅटच्या पुढचा सगळ्यात मोठा आकडा उचलायचा. कॅट-८, सेकंदाला ४० गिगाबिट! ती डेटा सेंटरसाठी असते आणि तो वेगही ३० मीटरपर्यंतच मिळतो, असं कुणी कुरकुरलं तर ऐकून सोडून द्या. तुमचं इंटरनेट १०० एमबीपीएसचं आहे खरं. पण १०० मीटरपर्यंत निमूटपणे १ गिगाबिट, म्हणजे त्याच्या दहापट, देणारी कॅट-५ई घरात आणली, तर सोसायटीत तोंड कसं दाखवणार? कॅट-६ तर ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटही देते. टू बीएचकेला पुरून उरेल. छे, पुरणारी वस्तू घेण्यात कसली हौस!

आकड्यावर पैसे उधळून झाले की तांब्यावर वाचवा. खोक्यावर बारीक अक्षरांत ‘सीसीए’ लिहिलेलं असतं, ते वाचायच्या फंदात पडू नका. आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा: एक ग्रॅम सोन्याचा हारच म्हणा ना. तारेवर ब्लेड घासलं की आतला पांढुरका धातू उघडा पडतो, म्हणून दुकानात ब्लेड नेऊ नये. खोकं हलकं लागलं तर उलट आनंद माना, जिने चढायला बरं. पुढे याच केबलमधून गेटवरच्या कॅमेऱ्याला वीज द्याल तेव्हा ती जास्त तापेल, तेवढीच थंडीत ऊब.

गच्चीवर नेणार असाल तर घरातलीच केबल वाढवा. उन्हापावसाला टिकणारं काळं आवरण दिसायला काही खास नसतं.

आता वायरमन. “दादा, लाइटच्याच पाइपातून ओढू का?” असं तो विचारेलच. लगेच हो म्हणा. वेगळा पाइप टाकायचा म्हणजे पुन्हा झिरी, पुन्हा धूळ, पुन्हा घरच्यांची बोलणी. २३० व्होल्ट आणि तुमचा राउटर यांच्यात एवढा दुरावा कशाला? केबल जोरात ओढू द्या, कोपऱ्यात काटकोनात दुमडू द्या. टोकाला कनेक्टर लावताना आतल्या तारांच्या जोड्यांचे पीळ वीतभर सोडू द्या. पीळ कारखान्यात उगाच घालतात. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, पण एखादी तुटली तर लाइन बहुतेकदा गुपचूप १०० एमबीपीएसवर उतरते, भांडत नाही.

शेवटी तो ‘प्लास्टरच्या आधी केबल टेस्टर लावून बघतो’ म्हणाला, तर त्याला चहाला पाठवा आणि तेवढ्यात गवंड्याला हाक मारा.