गाव खाली, तंबू वर

ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडीत शहाणी माणसं जमिनीखाली राहतात. वर उरतात त्या माशा, आणि तंबू घेऊन आलेले आमच्यासारखे हौशी लोक.

ॲडलेडपासून हे गाव उत्तरेला साधारण ८५० किलोमीटर. पोर्ट ऑगस्टा मागे पडलं की स्टुअर्ट हायवेवर स्टिअरिंगला फारसं काम उरत नाही. ग्लेनडॅम्बोला टाकी फुल्ल करून घ्यायची, कारण तिथून पुढे जवळजवळ अडीचशे किलोमीटर पंपच नाही. हे माझ्या सासऱ्यांना काही केल्या पटेना. अण्णा साताऱ्याहून लेकीकडे आलेले, सगळी नोकरी पीडब्ल्यूडीत. "अडीचशे किलोमीटरमध्ये एक वडापाववाला नाही? मग रस्ता केला कुणासाठी?" तेवढ्यात समोरून रोडट्रेन आली. तीन अवाढव्य ट्रेलर जोडलेला, पन्नासेक मीटर लांबीचा हा ट्रक शेजारून गेला की आपली गाडी अंग चोरते. अण्णांना उत्तर मिळालं. रस्ता त्याच्यासाठी होता.

हॉटेलऐवजी तंबू ही आमच्या हिची कल्पना. ऑक्टोबरची सुट्टी, मुलीला निसर्ग कळला पाहिजे. मुलीला निसर्गात रेंज येते का, एवढंच कळून घ्यायचं होतं.

कॅरव्हॅन पार्कात आम्हाला मिळाली ती जागा म्हणजे खडी दाबून केलेला चौकोन. ॲल्युमिनियमच्या खुंट्या त्या जमिनीत शिरायला तयार नव्हत्या. पहिली वाकली, दुसरी उडाली, तिसरी अजून सापडलेली नाही. शेजारच्या कॅरव्हॅनमधले निवृत्त आजोबा खुर्चीत बसून हे सगळं शांतपणे बघत होते. शेवटी ते उठले, मनगटाएवढ्या लोखंडी खुंट्या आणि घण घेऊन आले, पाच मिनिटांत तंबू उभा केला, "नो वरीज, मेट" म्हणाले आणि परत खुर्चीत जाऊन बसले. अण्णा माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत. जावयाचा मान राखणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं.

आता माशा. आपल्याकडची माशी गुळावर बसते, आंब्यावर बसते, हाकललं की उठते. तिला थोडीफार लाज आहे. इथल्या माशीला तुमचं जेवण नकोच असतं, तिला तुम्ही हवे असता. घाम, अश्रू, नाकातला ओलावा यांतलं पाणी आणि प्रथिनं तिला लागतात, म्हणून ती थेट डोळ्याच्या कोपऱ्यात येते. एका हातानं वारलं की दुसऱ्या डोळ्यात. या हात हलवण्याला इथे ऑस्ट्रेलियन सॅल्यूट म्हणतात. दुपारपर्यंत आमचं सगळं कुटुंब परेडला उभं असल्यासारखं सॅल्यूट ठोकत होतं.

शेवटी टोपीवरून घालायच्या जाळ्या आणल्या. जाळी घालून अण्णांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि अर्धा कप छातीवर सांडला. उरलेला मात्र त्यांनी हट्टानं तसाच, जाळीतून प्यायला. "गाळून मिळतोय, वाईट काय?"

या माशांमागचं कारण मला ठाऊक होतं आणि ते सांगायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. इथल्या मूळच्या शेणकिड्यांना कांगारूच्या कोरड्या लेंड्यांची सवय. १७८८ साली इंग्रज आले, गुरं घेऊन आले, आणि त्या गुरांच्या शेणाला हे किडे फारसे हात लावीनात. शेण तसंच पडून राहू लागलं, माशांची बाळंतपणं त्यात होऊ लागली. मग १९६०च्या दशकात सरकारी शास्त्रज्ञांनी आफ्रिका आणि युरोपातून शेणकिडे आणायला सुरुवात केली. अण्णांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं. "म्हणजे लोकल कंत्राटदारानं काम टाकलं आणि टेंडर बाहेरच्याला गेलं," ते म्हणाले. "आमच्याकडे काय वेगळं होतं?"

सूर्य मावळला की माशा मस्टरवर सही केल्यासारख्या निघून जातात. मग वारा कामावर येतो. रात्रभर तंबूचं कापड फडफडत होतं आणि सकाळी पोह्यांत शेंगदाण्याच्या बरोबरीनं लाल माती होती. हिनं एक घास खाल्ला, ताटली खाली ठेवली आणि म्हणाली, "आज खाली जाऊ या."

खाली म्हणजे खरोखर खाली. या गावात जमिनीखाली तंबू ठोकता येतो. उन्हाळ्यात वर पारा ४५च्या पुढे जातो, पण खडकात कोरलेल्या घरांत बारा महिने पंचविशीच्या आसपास. पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांनी ही पद्धत रुळवली असं सांगतात. खंदकात राहायचा सराव होताच. बोगद्याच्या भिंतींवर खोदाई यंत्राच्या दातांचे गोल गोल ओरखडे होते. अण्णांनी त्यावरून बोट फिरवलं, मग छताकडे मान वर करून बराच वेळ उभे राहिले. "कॉलम नाही, बीम नाही, स्लॅब नाही. कम्प्लिशन सर्टिफिकेट दिलं कुणी?"

खाली माशी नाही, वारा नाही, खुंट्या लागतच नाहीत. दिवा मालवल्यावर स्वतःचा हातही दिसत नाही. आणि आवाज जिरायला जागा नाही. पलीकडच्या तंबूतल्या जर्मन मुलाचं घोरणं बोगद्याच्या टोकापर्यंत जाऊन परत येत होतं. मध्यरात्री अण्णांनी साथ धरली. दोघांची लय जुळेपर्यंत पहाट झाली.

बघण्यासारखं बरंच आहे. खडकात कोरलेलं सर्बियन चर्च १९९३चं, आत गेल्यावर अण्णासुद्धा पाच मिनिटं गप्प. गोल्फच्या मैदानावर गवताची काडी नाही, खेळाडू हिरव्या कृत्रिम गवताचा तुकडा काखोटीला मारून हिंडतात आणि चेंडू त्यावर ठेवून पहिला फटका मारतात. ब्रेकअवेजचे पांढरे, पिवळे, गेरूच्या रंगाचे डोंगर संध्याकाळी असे दिसतात की जाळी वर करून बघावंसं वाटतं. मी केली. एक माशी गिळली.

गावाबाहेर जिकडे बघावं तिकडे खोदलेल्या मातीचे ढीग आणि त्यांच्या शेजारी उघडी भोकं. तिथे पाट्या आहेत: पळू नका, उलटं चालू नका, खोल खाणी आहेत. पाटीवरचा माणूस डोकं खाली पाय वर असा भोकात चाललेला. त्याच पाटीसोबत फोटो काढायचा म्हणून ही मला सांगत होती, "अजून जरा मागे सर ना!"

हे सगळं खोदकाम ओपल या रत्नासाठी. १९१५ साली सोनं शोधायला आलेल्या टोळीतल्या चौदा वर्षांच्या विली हचिसनला इथे ओपल सापडला आणि गाव वसलं. अजूनही ठरावीक जागी टाकाऊ मातीचे ढिगारे कुणालाही उपसता येतात. आम्ही "जरा दहा मिनिटं" म्हणून थांबलो. अण्णा जाळी घालून ढिगावर उकिडवे बसले ते दुपार टळली तरी उठेनात. अखेर अंगठ्याच्या नखाएवढा एक दुधी खडा घेऊन उतरले.

ओपलच्या दुकानातल्या बाईंनी तो दिव्याखाली फिरवून बघितला. हा पॉच, म्हणाल्या. जात ओपलचीच, पण रंगांचा खेळ नाही, त्यामुळे किंमतही नाही. आठवण म्हणून जरूर ठेवा.

अण्णा हसले, खडा रुमालात बांधला आणि बाहेर आल्यावर मला बाजूला घेतलं. "जावईबापू, दुकानदार कधी पहिल्या झटक्यात खरी किंमत सांगतो का?"

परतीच्या वाटेवर ग्लेनडॅम्बोला पेट्रोलचे पैसे द्यायला आम्ही दोघं आत गेलो. चिटपाखरू नव्हतं. अण्णा दारातूनच मागे वळले.

"गाडी लॉक केलीत ना?"