फॉइलवर रंग टिकतो, टेप मात्र जपून लावा

‘फॉइल (धातूचा पातळ चिकट पत्रा) चिकटवलेल्या विमानाच्या मॉडेलवर रंग धरत नाही, खुणांसाठी डिकलच (पाण्यात भिजवून लावायची छापील चित्रे) वापरा’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि त्यामुळे नवशिके उगाच माघार घेतात.

रंग सुटतो तो बोटांच्या तेलकटपणामुळे. फॉइल नीट घासून बसवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओलसर कापडाने हलकेच पुसा आणि एअरब्रशने (रंग फवारायच्या पेनाने) पातळ हात द्या. लॅकर प्रकारचा रंग चांगला धरतो. खरा धोका रंगाची कड आखायला लावतात त्या मास्किंग टेपचा: ती काढताना खालचे फॉइलही उचलले जाते. म्हणून टेप आधी स्वच्छ काचेवर दोन-तीनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करावा, आणि काढताना स्वतःवरच दुमडत सावकाश ओढावी. मॉडेलवर ठेवून टेप कापू नका, पात्याने फॉइल चिरते.

जून १९४४ च्या नॉर्मंडी चढाईतले पी-५१ मस्टँग हे अमेरिकी लढाऊ विमान घ्या. त्याचे ओळखीचे पट्टे तीन पांढरे, दोन काळे, प्रत्येकी १८ इंच रुंद. १/४८ प्रमाणात साधारण साडेनऊ मिलिमीटर. आधी पूर्ण पट्टा पांढरा करा, वाळू द्या, मग काळ्यासाठी टेप लावा. प्रत्यक्षात हे पट्टे अनेकदा घाईने ब्रशने रंगवलेले असत, त्यामुळे कडा थोडी वाकडी गेली तरी बिघडत नाही.

आणखी एक, याकडे फार दुर्लक्ष होते: मस्टँगच्या पंखांचे सांधे कारखान्यातच लुकणाने भरून त्यांवर चंदेरी रंग देत. तिथे फॉइलऐवजी रंगच योग्य.